‘निमो’ची जोडी दोन हजारांची, पाणी पन्नास हजारांचं

थेट आकड्यापासून सुरुवात करू. क्लाऊनफिशची एक जोडी घरी नीट सांभाळायची असेल, तर माशांवर हजार ते अडीच हजार रुपये जातात आणि त्यांच्यासाठी पाणी तयार करण्यावर त्याच्या पंचवीस ते छत्तीसपट. दुकानाच्या काचेवर लावलेला भाव फक्त माशाचा असतो. बाकीचं बिल हप्त्याहप्त्याने समोर येतं, आणि निम्म्यात थकलेल्या घरातला मासा तोवर गेलेला असतो. म्हणून हे सगळं बिल आधीच एका कागदावर मांडू या.

इथले भाव मुंबई-पुण्यातली दुकानं आणि ऑनलाइन विक्रेते यांच्याकडे साधारण ज्या पट्ट्यात असतात, त्या पट्ट्याचे आहेत. ब्रँड, शहर आणि आयातीचा खर्च यांप्रमाणे ते वरखाली होतात. दुकानदाराने दिलेलं कोटेशन तपासायला आणि आपला हिशेब जुळवायला ते पुरेसे आहेत.

आधी मासा ओळखा

दुकानात ‘निमो’ म्हणून जो केशरी, तीन पांढऱ्या पट्ट्यांचा मासा मिळतो, तो बहुतेक वेळा ॲम्फिप्रिऑन ऑसेलॅरिस असतो. क्लाऊनफिशच्या सुमारे तीस जाती आहेत. त्यांतल्या सोशिक आणि घरासाठी योग्य जातींपैकी ही एक. आपल्या देशात तिचं मूळ घर अंदमान-निकोबारच्या प्रवाळात आहे. तिथून पुढे आग्नेय आशिया, फिलिपिन्स, जपानची दक्षिणेकडची बेटं आणि ऑस्ट्रेलियाचा वायव्य किनारा इथवर ती आढळते. कोकणच्या किनाऱ्यावर ती नाही, त्यामुळे ‘मालवणहून आणलाय’ असं कोणी सांगितलं तर त्या दुकानातून बाहेर पडलेलं बरं.

‘पर्क्युला’ ही तिची जुळ्यासारखी दिसणारी बहीण. ती पापुआ न्यू गिनी आणि ग्रेट बॅरियर रीफच्या बाजूची, आणि महाग. पांढऱ्या पट्ट्यांच्या कडेला जाड काळी किनार असेल तर ती पर्क्युला असण्याची शक्यता जास्त. ऑसेलॅरिसची किनार बारीक असते. नेमकी खूण पाठीवरच्या पराच्या काट्यांत असते. ऑसेलॅरिसला बहुधा अकरा, पर्क्युलाला दहा. पोहत्या माशाचे काटे मोजणं अवघड, म्हणून पर्क्युलाचे जास्तीचे पैसे मागितले तर बिलावर जातीचं नाव लिहून घ्या. नवख्या माणसाला पर्क्युलाची काही गरज नाही.

माशाचा स्वभाव आणि तुमचं बिल

या माशाच्या जंगली आयुष्यातल्या चार गोष्टी कळल्या की कशावर खर्च करायचा आणि कशावर नाही, हे आपोआप ठरतं.

पहिली गोष्ट, तो फिरस्ता नाही. समुद्रात तो एका ॲनिमोनच्या, म्हणजे समुद्रपुष्पाच्या आधाराने राहतो. त्याच्या दंशकारक शुंडकांचा याला त्रास होत नाही. अंगावरच्या चिकट थरामुळे तो वाचतो. शत्रू दिसला की आत शिरतो आणि सहसा काही मीटरपलीकडे जात नाही. म्हणून जोडीला चार फुटी टँक लागत नाही. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँक पुरतो. त्यात काठोकाठ १२७ लिटर पाणी मावतं. वाळू, खडक आणि वरची मोकळी जागा वजा केली की उरतं सुमारे १०० लिटर. पुढचा सगळा हिशेब या १०० लिटरवर आहे.

दुसरी, त्याच्या घरातलं पाणी बदलत नाही. प्रवाळाजवळच्या समुद्रात खारटपणा आणि तापमान दिवसेंदिवस जवळजवळ तेच राहतं. १०० लिटरच्या डब्यात एका उन्हाळी दुपारी दोन अंश वाढतात आणि रोज लिटरभर पाणी उडून खारटपणा चढतो. मीठ, आरओ, पंखा, चिलर ही सगळी यादी या एका स्थैर्यासाठी आहे.

तिसरी, त्याच्या घरात उतरंड असते. एका ॲनिमोनवर सगळ्यांत मोठी मादी, तिच्याखाली तिचा नर आणि त्याखाली एक-दोन लहान, प्रजनन न करणारे. सगळे जन्माने नर. मादी मेली की तिचा नर मादी होतो आणि खालचा एक वर सरकतो. उलट प्रवास होत नाही. ग्राहकासाठी याचा अर्थ असा की ‘कन्फर्म जोडी’साठी तिप्पट-चौपट पैसे देण्याचं कारण नाही. एक थोडं मोठं आणि एक लहान अशी दोन पिल्लं घ्या. मोठं पिल्लू काही महिन्यांत मादी होईल. दोन्ही मोठे मासे घेतले तर दोघी माद्या निघण्याचा धोका असतो आणि एक दुसरीला मारते. तिसरा मासा दिसायला छान, पण लहान टँकमध्ये तो बहुधा मार खाऊन मरतो.

चौथी, तो दीर्घायुषी आहे. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. आज तिसरीत असलेल्या मुलीच्या हट्टासाठी घेतलेला मासा ती नोकरीला लागेपर्यंत घरात असू शकतो. ही खरेदी म्हणूनच वर्षांत मोजायची.

पहिल्या दिवसाचं बिल

सगळे आकडे रुपयांत, सुट्या वस्तूंचे.

- काचेचा टँक, ८ मिलिमीटर काच, वर जाळी: ४,००० ते ६,०००
- लोखंडी स्टँड, पावडर कोटिंगचा: ३,००० ते ५,०००
- फिल्टर आणि पंप: ३,००० ते ५,०००
- प्रोटीन स्किमर: ५,००० ते ९,०००
- वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवायला): १,२०० ते २,५००
- एलईडी दिवा: २,००० ते ४,०००
- हीटर, थर्मोस्टॅटसह: ८०० ते १,५००
- आरओ-डीआय यंत्र (नळाच्या पाण्यातले क्षार काढायला): ६,००० ते १०,०००
- रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायला): १,२०० ते २,०००
- टेस्ट किट (अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच): २,५०० ते ४,०००
- कोरडा खडक, १२ किलो: २,४०० ते ४,२००
- ॲरागोनाइट वाळू: १,००० ते २,०००
- सागरी मीठ, ८ किलो: १,६०० ते २,८००
- क्वारंटाइनचा लहान टँक आणि स्पंज फिल्टर: २,००० ते ३,०००
- बॅटरीवर चालणारा एअर पंप: ६०० ते १,२००
- माशांची जोडी: १,००० ते २,५००

एकूण ३७,३०० ते ६४,७००. पाणी थंड करणारा चिलर लागला तर त्यात १८,००० ते ३०,००० मिळवा. शंभरातले जेमतेम तीन-चार रुपये माशाचे आहेत, हे या यादीत सरळ दिसतं.

कुठे वाचवता येतं

दोनच मासे आणि दर आठवड्याला न चुकता पाणीबदल, एवढी शिस्त असेल तर स्किमरशिवाय चालतं. स्किमर बुडबुड्यांच्या फेसात माशाची घाण पकडून बाहेर काढतो. तेच काम पाणीबदल हळूहळू करतो. शिस्त नसेल तर स्किमर घ्या.

आरओ-डीआय यंत्राऐवजी मरीन टँकच्या दुकानातून तयार आरओ-डीआय पाणी कॅनमध्ये घेता येतं. मात्र दुकानाच्या फेऱ्या वाढतात आणि महिन्याला ७५ ते ९० लिटर पाणी उचलून आणावं लागतं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर ही बचत पाठ-कंबर वसूल करते. घरच्या पिण्याच्या आरओचं पाणीही काही जण वापरतात. पण बऱ्याच घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं, शिवाय त्यांत डीआय रेझिन नसतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर तीनशे-चारशे रुपयांना मिळतो. तो शून्याजवळ दाखवत नसेल तर ते पाणी शेवाळाला खत घालतं.

दिव्यावरही हात आखडता घ्या. महागडे निळे दिवे प्रवाळ वाढवणाऱ्यांसाठी असतात. क्लाऊनफिश आपल्याला नीट दिसेल इतका उजेड पुरतो. हे तिन्ही कमी केले तर सुरुवात सव्वीस-सत्तावीस हजारांत बसते.

कुठे वाचवू नका

मिठात वाचवू नका. स्वयंपाकाच्या मिठात, खड्याच्या मिठात किंवा सैंधवात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि क्षारता यांचा समुद्रातला मेळ नसतो. सागरी मिठाची पिशवीच लागते. जुहू-वर्सोव्याहून किंवा गिरगावहून कॅन भरून आणण्याचा विचारही सोडा. त्या पाण्यात सांडपाणी आणि गाळ असतो, आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणा पार उतरलेला असतो.

मोजमापात वाचवू नका. काचेचं तरंगणारं स्वस्त हायड्रोमीटर बुडबुडा चिकटला तरी चुकीचं दाखवतं. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि सोबत कॅलिब्रेशनचं द्रावण. खारटपणा हजार भागांत ३३ ते ३५, म्हणजे विशिष्ट घनता १.०२४ ते १.०२६. तापमान २५ ते २८ अंश, पीएच ८.० ते ८.४. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट दशलक्ष भागांत वीसच्या खाली. हे आकडे टँकवर चिकटवून ठेवा.

क्वारंटाइनमध्ये तर अजिबात वाचवू नका. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या लहान टँकमध्ये ठेवला की त्याच्यासोबत आलेला रोग मोठ्या टँकमध्ये जात नाही. क्लाऊनफिशला ब्रूक्लिनेला नावाच्या परजीवीचा रोग विशेष होतो. अंगावर पांढरट चिकट थर येतो, श्वास जोरात चालतो आणि मासा दोन-तीन दिवसांत जातो. दोन हजारांचा हा डबा पन्नास हजारांच्या टँकचा विमा आहे.

स्टँडचं प्लायवुड स्वस्त पडतं, पण खारं पाणी सांडून सांडून ते फुगतं. पाणी, काच, खडक आणि स्टँड मिळून दीडशे-पावणेदोनशे किलो होतात. टँक भिंतीलगत ठेवा, बाल्कनीच्या पुढे आलेल्या स्लॅबवर नको. एक्स्टेन्शन बोर्ड टँकच्या पातळीपेक्षा वर लावा. खारं पाणी वायरवरून घरंगळत सॉकेटमध्ये शिरतं.

उन्हाळा: चिलर की पंखा?

हा प्रश्न गावागावाप्रमाणे बदलतो. पाण्यावर वारा सोडणारा लहान पंखा हजार-दीड हजारांत येतो आणि बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश थंड करतो. पुणे, नाशिक, संभाजीनगर इथल्या कोरड्या हवेत तो चांगलं काम करतो. मुंबई, ठाणे, रत्नागिरीच्या दमट मे महिन्यात बाष्पीभवनच कमी होतं, तिथे पंख्याचा जोर ओसरतो. नागपूर-चंद्रपुरात पंख्याला खोलीतल्या कूलरची जोड द्यावी लागते.

पाणी तीस अंशांच्या वर गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो. मे महिन्यात दुपारी तुमच्या खोलीत थर्मामीटर काय दाखवतो, ते चिलर घेण्याआधी आठवडाभर लिहून ठेवा. खोली ३२-३३ अंशांवर राहत असेल आणि हवा दमट असेल तर चिलरचे पैसे बाजूला काढूनच पुढे जा. पंखा लावला तर उडालेल्या पाण्याची भर रोज घालायची, आणि ती बिनमिठाच्या आरओ पाण्याने. पाणी उडतं, मीठ मागे राहतं.

दर महिन्याचं बिल

मिठाचा हिशेब सोपा आहे. लिटरला ३८ ते ४० ग्रॅम मीठ लागतं. आठवड्याला १० लिटर पाणी बदललं तर ४०० ग्रॅम, महिन्याला सुमारे १.७ किलो. किलोला २०० ते ३५० रुपये धरले तर ३४० ते ६०० रुपये.

विजेचा हिशेब असा. पंप, स्किमर आणि वेव्हमेकर मिळून ३५ वॉट, चोवीस तास. दिवा ४० वॉट, आठ तास. दिवसाला १.१६ युनिट, महिन्याला ३५ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ३५० रुपये. तुमच्या बिलातला शेवटचा स्लॅब पाहून हा दर बदलून घ्या, कारण टँकची युनिट वरच्या स्लॅबमध्येच मोडतात. चिलर १५० वॉटचा आणि दिवसाला दहा तास चालला, तर महिन्याला आणखी ४५ युनिट.

खाद्य २०० ते ३००, आरओच्या फिल्टर आणि रेझिनचा मासिक वाटा २०० ते ३००, कार्बन-फ्लॉस-टेस्ट किटचे थेंब २०० ते ३००. महिन्याची बेरीज १,२९० ते १,८५० रुपये. वर्षाचे १५,४८० ते २२,२००. पंप जळतो, हीटर अडकतो, दिवा मंदावतो. त्यासाठी वर्षाला तीन ते पाच हजार बाजूला ठेवा. मग वर्षाचा खर्च साडेअठरा ते सव्वासत्तावीस हजारांवर जातो. उन्हाळ्याचे चार महिने चिलर चालला तर आणखी अठराशे. आजच्याच भावाने दहा वर्षं धरली तर एक लाख पंच्याऐंशी हजार ते पावणेतीन लाखांच्या आसपास.

एक खर्च या बिलात दिसत नाही. आरओ यंत्र एक लिटर चांगल्या पाण्यामागे दोन-चार लिटर पाणी वाया घालवतं. सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येत असेल तर ही नळी थेट मोरीत सोडू नका. बादलीत साठवा, लादी पुसायला आणि संडासात वापरा.

जे विकत घ्यायचंच नाही

ॲनिमोन. दुकानदार ‘निमोचं घर’ म्हणून तो गळ्यात मारतो. क्लाऊनफिशला टँकमध्ये ॲनिमोन लागत नाही. तिथे त्याला शत्रूच नाही. ॲनिमोनला मात्र जोरदार दिवा लागतो आणि वर्षभर मुरलेला टँक लागतो. जागा आवडली नाही तर तो चालत जाऊन पंपात अडकतो, आणि मेला की रातोरात पाणी विषारी करतो. समुद्रात ऑसेलॅरिस तीनच जातींच्या ॲनिमोनवर राहतो, आणि त्या तिन्ही मोठ्या होणाऱ्या आणि सांभाळायला अवघड. त्याऐवजी मातीच्या कुंडीचा एक स्वच्छ तुकडा आडवा ठेवा. जोडी त्यालाच घर मानते आणि पुढे अंडीही त्यावरच घालते.

प्रवाळ आणि ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे समुद्रातून काढलेला जिवंत खडक. दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या संरक्षित यादीत आहेत. आपल्या समुद्रातून काढलेलं प्रवाळ, मेलेलं असलं तरी, विकणं आणि बाळगणं गुन्हा ठरू शकतं आणि त्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. ‘सगळेच विकतात’ हा बचाव होत नाही. सिरॅमिकचा किंवा कृत्रिम सच्छिद्र खडक घ्या आणि बिलावर तसंच लिहून घ्या.

रंगीबेरंगी ‘डिझायनर’ जाती. काळा-पांढरा, स्नोफ्लेक, प्लॅटिनम अशा जोड्यांचे भाव पाच-दहा हजार आणि त्यापुढेही जातात. त्यांना पाणी तेच लागतं, खाणं तेच, आणि मरतातही त्याच चुकांनी. पहिली जोडी साधी केशरीच असू द्या.

दुकानात काय विचारायचं

पहिला प्रश्न: मासा हॅचरीतला की समुद्रातून पकडलेला? क्लाऊनफिश पैदास करता येणाऱ्या मोजक्या सागरी शोभिवंत माशांपैकी आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तामिळनाडूतल्या मंडपम आणि केरळातल्या विळिंजम इथल्या केंद्रांत त्याचं तंत्र बसवलं आहे. आपल्याकडे ऐरोलीत मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनच्या पुढाकाराने सागरी शोभिवंत माशांची हॅचरी उभी राहिली आहे. म्हणजे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचं कारणच उरत नाही. पकडलेला मासा प्रवासाने खचलेला असतो, रोग घेऊन येतो आणि बरेचदा कोरड्या खाद्याची गोळी खात नाही. परदेशात काही ठिकाणी मासे पकडायला सायनाइड फवारतात. असा मासा काही आठवड्यांनी अचानक दगावतो. हॅचरीतल्या माशाचे पट्टे कधी अर्धवट किंवा वाकडे असतात. त्यात दोष काही नाही, उलट जन्म हॅचरीतला असल्याची ती एक खूण आहे.

दुसरं, समोर खायला घालायला सांगा. निरोगी मासा गोळीवर झडप घालतो. कोपऱ्यात तोंड वर करून लटकणारा, भरभर श्वास घेणारा, अंगावर पांढरट थर किंवा ठिपके असलेला मासा अर्ध्या भावातही नको. त्या टँकमध्ये दुसरा मासा मेलेला दिसला, तर त्या दिवशी तिथून काहीच घेऊ नका. पोहण्याचं विचाराल तर क्लाऊनफिश डुलत डुलतच पोहतो; त्याला आजार समजू नका.

तिसरं, मासा किती दिवसांपासून दुकानात आहे? कालच आलेला असेल तर आगाऊ शंभर-दोनशे देऊन आठवडाभर तिथेच राहू द्या. तेवढ्यात त्याची तब्येत कळते.

चौथं, पक्कं बिल. जिवंत माशाची हमी बहुतेक दुकानं देत नाहीत. दिली तर किती तासांची आणि कशाची, ते लेखी घ्या. ऑनलाइन मागवलेला मासा थर्मोकोलच्या खोक्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत येतो. पिशवी न उघडता सलग व्हिडिओ काढा, नाहीतर विक्रेता तक्रार मान्य करत नाही. पॅकिंग आणि पार्सलचे पाचशे-हजार वेगळे पडतात, हेही लक्षात ठेवा. चिलर, पंप, स्किमर यांची वॉरंटी बिलाशिवाय मिळत नाही. विक्रेत्याने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

गावाला जायचं तेव्हा

दिवाळीत आणि मे महिन्यात घर बंद राहतं, तेव्हा हा छंद खरा कसाला लागतो. मोठे झालेले निरोगी मासे तीन-चार दिवस उपाशी राहू शकतात. त्याहून जास्त दिवसांसाठी शेजाऱ्यांना खाद्याचा डबा देऊ नका. प्रेमापोटी ते मूठभर टाकतात आणि पाणी नासतं. एका दिवसाची एक अशा पुड्या बांधून द्या. उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र दोन ते चार हजारांत मिळतं. आठवडाभर बाहेर राहणाऱ्यांनी ते घ्यावंच. कोकणात किंवा गावाकडे पावसाळ्यात वीज तासन्‌तास जात असेल तर इन्व्हर्टरवर वेव्हमेकर जोडा. पाणी हलतं राहिलं की मासा तग धरतो.

पिल्लं विकून पैसे सुटतील?

जोडी जमली की दर दोन आठवड्यांच्या अंतराने अंडी घालू शकते. नर अंड्यांना परांनी वारा घालत राहतो, आणि साधारण आठवड्याभराने पिल्लं बाहेर येतात. दुकानदार इथवरच सांगतो. पुढे पिल्लांना पहिले काही दिवस डोळ्यांना न दिसणारे जिवंत रोटिफर लागतात, रोटिफरना हिरवं शैवाल लागतं, मग आर्टेमिया. तीन-चार टँक आणि रोजचे दोन-तीन तास. जोडधंदा म्हणून करायचं तर आधी एखाद्या हॅचरीत प्रशिक्षण घ्या. घरच्या टँकचा खर्च पिल्लांतून निघेल, हे गृहीत धरून सुरुवात करू नका.

निर्णय कसा घ्यायचा

टँक भरल्यावर त्यात लगेच मासा सोडता येत नाही. माशाच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. हे जीवाणू खडकावर आणि वाळूत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. याला सायकलिंग म्हणतात. बाटलीतले जीवाणू घालून हा काळ थोडा कमी करता येतो, पण अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासा आणायचा नाही.

हे सहा आठवडे स्वतःची परीक्षा घेण्यासाठी वापरा. दर रविवारी पाण्याची तपासणी करा, आकडे वहीत लिहा, रोज उडालेलं पाणी भरा. शेवटच्या दोन आठवड्यांत दहा लिटर पाणी बदलून पाहा. महिन्याचे अठराशे रुपये वेगळे काढून ठेवा. रिकाम्या टँकची ही कामं दोनदा चुकली, तर माशाच्या वेळीही चुकणार. त्या टप्प्यावर टँक विकला तर वापरलेलं सामान साधारण निम्म्या किमतीला जातं. नुकसान साधारण अठरा ते तीस हजारांचं, आणि एकही जीव गेलेला नसतो. पुढे कधी मासे ठेवणं अशक्य झालं, तर दुसऱ्या मरीन टँकवाल्याला किंवा दुकानाला द्या; समुद्रात किंवा खाडीत सोडू नका. तिथे तो जगणार नाही, आणि त्याच्यासोबतचे रोग मात्र मागे राहतील.

आणि हा मासा मुलांना एकदा डोळ्यांनी दाखवावा एवढीच इच्छा असेल, तर दुसरा रस्ताही आहे. अंदमानात स्वराज द्वीपच्या एलिफंट बीचवर होडी आणि स्नॉर्केलिंग माणशी हजार-दीड हजारांत होतं, शिकाऊ स्कूबा साडेतीन ते पाच हजारांत. विमानभाडं आणि मुक्काम धरून चौघांचं कुटुंब या टँकच्या दोन-चार वर्षांच्या खर्चात तिथे जाऊन येतं. मासा त्याच्या ॲनिमोनमध्ये पाहायला मिळतो आणि घरी परतल्यावर रविवारी पाणी बदलावं लागत नाही. दोन्ही बेरजा शेजारी लिहा. टँकचीच ओढ वाटली तर सायकलिंगला सुरुवात करा आणि माशांची खरेदी सहा आठवड्यांनंतरच्या तारखेला लिहा.